दुसऱ्याची नाडी

बाबांच्या डोक्यामागच्या भिंतीवरचं मशीन किंचाळायला लागलं तेव्हा बाबा माझ्याशी भांडत होते.

भांडण चहावरून चाललं होतं. ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं, डॉक्टरांनी फक्त पाणी चालेल म्हणून बजावलेलं, आणि बाबांचं म्हणणं असं की चहा म्हणजे रंगीत पाणीच. आयुष्यभर टपाल खात्यात नोकरी केली, पण हुज्जत वकिलासारखी घालतात. मी म्हटलं, "बाबा, पोटाला टाके आहेत, हसवू नका नि हसू नका." तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यात त्यांचा हिरवा चौकोन लाल झाला आणि कान फाटतील असा आवाज सुरू झाला. ऑक्सिजन एकाहत्तर.

बाबांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. "काय झालं? गेलो की काय मी?"

सिस्टर धावत आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सकाळपासून त्यांनी बूड टेकलं नव्हतं. त्यांनी बाबांचं बोट धरलं, नखं पाहिली, ओठ पाहिले, आणि हसल्या. "आजोबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. चिमटा सरकला असेल." त्यांनी बोटावरचा चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला आणि आवाज बंद केला. आकडा मात्र जागचा हलेना. उलट एकाहत्तरचा अडुसष्ट झाला.

"भिकार मशीन," बाबा म्हणाले. "कुणी बनवलंय?"

हा टोमणा होता. मशीन आम्हीच बनवलं होतं. म्हणजे मी आणि दादा ज्या कंपनीत काम करतो त्या कंपनीने. आत एक लहानसा कॉम्प्युटर, खाली चार खाचा, प्रत्येक खाचेत एका खाटेची वायर, वायरीच्या टोकाला बोटाचा चिमटा. पडद्यावरचे चौकोन, रंग आणि नाडीची लाट मी केलेली. चिमट्याकडून माहिती आत आणणारा, कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात बसून चालणारा प्रोग्रॅम दादाचा. त्याला ड्रायव्हर म्हणतात. बाबा लोकांना अभिमानाने सांगत, मुलगा ड्रायव्हर लिहितो, आणि लोक बिचारे विचारत, कुठली गाडी? बाबांना याच हॉस्पिटलात आणायचा हट्ट दादाचाच होता. इथे प्रत्येक खोलीत आपलं मशीन आहे, म्हणाला.

तर मी त्या लाल चौकोनाकडे पाहत होते. चिमटा सरकला की लाट वेडीवाकडी होते आणि आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा येतात. हे मीच लिहिलंय, माझं चुकायचं कारण नाही. इथे लाट बारीक होती, पण सरळ, नेमाने उठणारी. हा आकडा खोटा नव्हता. कुणाची तरी खरीखुरी नाडी होती ती, आणि बाबांची नव्हती.

मग कुणाची?

खोलीत चार खाटा. बाबांची पहिली. दुसरीवरचा पोरगा प्लास्टरमधला पाय वर टांगून मोबाइल बघत होता. चौथी रिकामी. तिसऱ्या खाटेवर शिंपीकाका होते, आदल्या दिवशी बाबांच्या पाठोपाठच त्यांचंही ऑपरेशन झालं होतं. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. त्यांच्या पायथ्याशी स्टुलावर काकू बसल्या होत्या, पदर सावरून, नजर पडद्यावर.

"सत्त्याण्णव," काकू मला समाधानाने म्हणाल्या. "छान ना गं? मघापासून मी नजर हलवलेली नाही. गाढ झोपलेत."

मी काकांचा खांदा धरून वळवला. ओठ शाईसारखे झाले होते.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. बाबा सांगतात की मी "हे इथे आहेत, हे इथे आहेत" असं ओरडत होते. काकांना दुखण्यावरचं इंजेक्शन जास्त लागू पडलं होतं आणि झोपेतच श्वास मंदावत गेला होता. डॉक्टर आले, कुणीतरी मास्क लावला, कुणीतरी दुसरं इंजेक्शन दिलं, कुणीतरी भिंतीतल्या सगळ्या वायरी उपटल्या आणि खाट ढकलत बाहेर नेली. काकू पायात चप्पल न घालता मागे धावल्या. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

"पोरी," ते म्हणाले, "तो माणूस गेला असता, आणि सगळे माझ्याभोवती उभे होते."

शिंपीकाका वाचले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. अर्ध्या तासात निरोप आला की श्वास लागला, शुद्धीवर आले, आणि काकूंना म्हणाले की घसा कोरडा पडलाय.

पण आता हॉस्पिटलाला हवा होता गुन्हेगार, आणि तो शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. मेट्रनबाई आल्या. उंच, इस्त्रीच्या घडीसारख्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सिस्टरना सगळ्यांदेखत विचारलं, "सकाळी अंग पुसताना वायरी कुणी काढल्या?"

"मी."

"लावल्या कुणी?"

"मीच."

"मग उलट्या लावल्यात. याची त्याला, त्याची याला."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "मी आजोबांची काढली, मग काकांची काढली. आजोबांचं आवरलं, आजोबांची लावली. काकांचं आवरलं, काकांची लावली. खाचेवर नंबर आहेत. मी बघूनच लावते."

"म्हणजे मशीनने आपणहून अदलाबदल केली?"

वायरी तर उपटून झालेल्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं आणि आता बाबांच्या चौकोनात बाबाच होते, ठणठणीत. मेट्रनबाईंनी सांगितलं, चार वाजता चौकशी आहे, तोवर वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. सिस्टर चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन बसल्या. मी त्यांच्यामागे गेले तेव्हा त्या कपाटाला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे, आणि त्या हातांकडेच बघत होत्या.

"तुम्ही उलट्या लावल्या नाहीत ना?" मी विचारलं.

"नसतील लावल्या असं सकाळी वाटत होतं," त्या म्हणाल्या. "आता खात्री नाही वाटत. माझ्याच हातून झालं असेल. दुसरं काय होणार? माणूस मरता मरता वाचला, ताई. नोकरी गेली तर गेली, पण हे हात पुन्हा कुणाला लावायची हिंमत होणार नाही माझी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावर नव्हे. जी बाई नंबर बघून वायर लावते, तिला दोन तासांत आपल्याच डोळ्यांवर विश्वास उरत नाही, याची मला चीड आली. मी त्यांना म्हटलं, चारच्या आत येते, तोवर काही कबूल करू नका, सही तर अजिबात करू नका.

दादाला फोन केला. तो ऑफिसात होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वायरी उलट्या लागल्या असतील गं."

"खाचेवर नंबर आहेत."

"माणूस चुकतो."

"आणि तू?"

त्याने ऑफिसला ये म्हटलं आणि फोन ठेवला. दादाला असं कुणी विचारत नाही. आमच्या कंपनीत दादाचं लिखाण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याला कधी आवाज चढवताना मी पाहिलं नाही, लहानपणी मी त्याचा पतंग फाडला तेव्हाही नाही. नवीन मुलांना दादाचा ड्रायव्हर वाचायला देतात, बघा कसा लिहायचा म्हणून. आणि मीसुद्धा, सगळ्यांच्या वाकड्यात शिरणारी मी, दादाच्या कामावर कधी बोट ठेवलं नव्हतं. ऑफिसला जाताना गाडीत मी स्वतःलाच समजावत होते की दादाचं चुकणार नाही, दुसरं काहीतरी निघेल. मला तसं निघायला हवं होतं, खरं सांगते.

आमच्या तपासणीच्या खोलीत मशीन टेबलावर मांडलेलं असतं आणि समोर बोटवाले बसलेले असतात. खरं नाव काहीतरी वेगळंच आहे, पण त्यांना सगळे बोटवालेच म्हणतात, कारण मशीन तपासायला बोटं लागतात आणि ती कायम त्यांचीच असतात. डाव्या हाताच्या चार बोटांना चार चिमटे, उजव्या हाताने माउस. त्या दिवशीही तसेच बसले होते. पडद्यावर चार चौकोन, चारही हिरवेगार, चारही नाड्या बहात्तर.

मी दारातच थांबले. हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलं असेल. त्यावरून चेष्टाही केली होती, बोटवाले, एक दिवस तुमची नाडी कंपनीच्या मालकीची होणार म्हणून. आता मी ते चार आकडे पुन्हा वाचले.

"दादा," मी म्हटलं, "चारही खाटांवर एकच माणूस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे एकाची नाडी दुसऱ्याच्या चौकोनात गेली तर कळणार कसं? सगळ्या बोटवाल्यांच्याच आहेत!"

बोटवाल्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो आत्ताच कुणीतरी त्यांना आणून जोडला होता. दादाने खुर्ची ओढली.

मी बोटवाल्यांना उठवलं. एक चिमटा दादाच्या बोटाला लावला, पहिल्या खाचेत. तिसऱ्या खाचेतला माझ्या. पण दोन्ही नाड्या सारख्या असल्या तर काय उपयोग? मी म्हटलं, थांबा, आणि जिन्याकडे पळाले. खालपर्यंत आणि वर, पुन्हा खालपर्यंत आणि वर. हिशोब खात्यातले लोक दारात येऊन बघत होते, या बाईला झालं काय म्हणून. परत आले तेव्हा छाती फुटायची बाकी होती. चिमटा लावला. माझ्या चौकोनात एकशे चौतीस. दादाच्या चौकोनात त्याची नेहमीची थंडगार चौसष्ट.

"आता सिस्टरनी केलं तसं," मी धापा टाकत म्हटलं. "आधी दादाची वायर काढा. मग माझी काढा. हं. आता आधी दादाची लावा. मग माझी."

बोटवाल्यांनी वायरी लावल्या, प्रत्येक वेळी खाचेचा नंबर मोठ्याने म्हणत. चौकोन क्षणभर राखाडी झाले आणि परत पेटले.

दादा खुर्चीत स्वस्थ बसला होता. त्याच्या चौकोनात एकशे एकतीस आकडा होता. आणि मी धापा टाकत उभी, माझ्या चौकोनात चौसष्ट.

दादाने सावकाश आपल्या बोटाचा चिमटा काढून टेबलावर ठेवला. माझ्या चौकोनात दोन आडव्या रेघा आल्या. दादाचा चौकोन चालूच होता. त्याने मोकळं बोट डोळ्यांसमोर धरलं. बोटाला काही नव्हतं, आणि पडद्यावर त्याचं हृदय जिना चढत होतं.

"परत करा," तो म्हणाला.

परत केलं. तेच झालं. मग त्याने उलट क्रमाने करायला सांगितलं, शेवटी काढलेली आधी लावायची. सगळं बरोबर आलं. एकच वायर काढून लावली, बरोबर आलं. पुन्हा सिस्टरसारखं केलं, की अदलाबदल. बोटवाले म्हणाले, "साहेब, मी तपासताना एक-दोन-तीन-चार काढत जातो आणि येताना चार-तीन-दोन-एक लावत येतो. हात तसाच मागे येतो ना." म्हणजे त्यांची चार बोटं चार वेगळ्या माणसांची असती तरी त्यांना काही दिसलं नसतं.

दादाने ड्रायव्हर उघडला. मी त्याच्या खांद्यावरून वाचत होते आणि मला ते सापडायच्या आधी त्याच्या मानेवरून कळलं की त्याला सापडलंय.

काय झालं होतं ते सोप्यात सांगते. वायर लावली की ड्रायव्हर त्या खाटेसाठी मेमरीत एक खोली घेतो, लॉजवर घ्यावी तशी. नाडीचे आकडे त्या खोलीत येऊन पडतात. माझा पडदा दादाच्या ड्रायव्हरकडे आकडे मागतो, आणि ड्रायव्हर त्या खोलीची किल्ली वापरून ते देतो. वायर काढली की खोली सोडायची, आणि किल्लीही परत करायची. दादाने खोली सोडली होती. किल्ली खिशातच राहिली होती. आणि कॉम्प्युटरचा मॅनेजर असा की शेवटी रिकामी झालेली खोली तो आधी देतो. म्हणून काकांची सोडलेली खोली बाबांना मिळाली, बाबांची काकांना. पण ड्रायव्हर जुन्याच किल्लीने जुनंच दार उघडत राहिला, पलंगावर निजलेल्या परक्या माणसाला बाबा समजून त्याची खुशाली कळवत राहिला. आमच्या धंद्यात असल्या चुकीला सगळे भितात, कारण त्या भोकातून माहितीचे चोर आत शिरतात. इथे चोर शिरला नव्हता. शेजारी शिरला होता.

"पडदा आकडे वाचत असताना वायर निघणार नाही असं मी धरून चाललो होतो," दादा म्हणाला. "इथे कधी निघालीच नाही. म्हणजे निघायची, पण…" त्याने बोटवाल्यांच्या हाताकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

मला वाटलं होतं मी चिडेन. इतकी वर्षं मनात जमा केलेलं एखादं वाक्य असेल की नाही, थोरल्या भावाला ऐकवायचं? एकही आलं नाही. तो असा बसला होता, की कुणी हलवलं असतं तर सांडला असता. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने चिंब होता.

कंपनीच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी दोनदा करून दाखवायला लावलं, दोन्ही वेळा तोंडाचा चंबू झाला, मग दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसले.

"हे बघा," साहेब म्हणाले, "शांतपणे विचार करू. दुरुस्तीला किती वेळ लागेल? आज होईल? उत्तम. आज दुरुस्ती, दोन दिवस तपासणी, मग सगळीकडे नवीन प्रोग्रॅम पाठवू. नेहमीची सुधारणा म्हणून. बोभाटा झाला की सगळीकडचे चोर हेच भोक शोधत बसतील, हे तर तुम्हालाही माहीत आहे. आणि तिकडे हॉस्पिटलवाले स्वतःच म्हणताहेत की बाईंचं चुकलं. आपण होऊन कशाला…"

"मला फोन करायचाय," दादा म्हणाला.

"माझं बोलणं पुरं…"

"साहेब, आत्ता या घडीला कुठल्यातरी खोलीत कुणीतरी दोन वायरी काढून ठेवल्या असतील."

दादाने आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचं वाक्य तोडलं, आणि ते तोडताना तो रडत होता. साहेब वाईट माणूस नाहीत, नुसते घाबरले होते. थोड्या वेळाने त्यांनीच ग्राहकांचे नंबर काढून दिले. आम्ही सगळे फोनला बसलो, बोटवालेसुद्धा. एकच निरोप: एका वेळी एकच वायर काढा, आणि आत्ता ताबडतोब, प्रत्येक मशीन बंद करून चालू करा. कुणी धन्यवाद म्हटलं, कुणी शिव्या घातल्या. एका हॉस्पिटलातून फोनवर बाई नुसती म्हणाली, "अरे बाप रे," आणि फोन तसाच टाकून धावत गेली. तिची पावलं लांब जाताना ऐकू येत होती. मी किती तरी वेळ तो रिसीव्हर कानाला लावून बसले होते.

चारला आम्ही हॉस्पिटलात होतो. दादाने चौकशीच्या टेबलावर मशीन ठेवलं, मेट्रनबाईंच्या बोटाला एक चिमटा लावला, मोठ्या डॉक्टरांच्या बोटाला दुसरा, आणि करून दाखवलं. डॉक्टरांना पळवायची गरज पडली नाही, त्यांची नाडी मुळातच चढलेली होती. मेट्रनबाईंच्या चौकोनात डॉक्टरांची नाडी पाहिल्यावर त्या एकदम खाली बसल्या, इस्त्री मोडली. दादा म्हणाला, "चूक माझी आहे. लेखी देतो. सिस्टरनी वायरी बरोबर लावल्या होत्या."

मला वाटलं, संपलं. माझा जीव भांड्यात पडला. सिस्टरची नोकरी राहिली, काका वाचले, दादाने मान खाली न घालता खरं सांगितलं. चादरींच्या खोलीकडे जाताना मी जवळजवळ धावत होते. ही आनंदाची बातमी मलाच सांगायची होती. दादा मागून येत होता.

"सिस्टर!" मी दार ढकललं. "तुमची चूक नव्हती! मशीनची होती! सिद्ध झालं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही बरोबरच लावल्या होत्या!"

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना मिठी मारली. त्यांचे हात माझ्या पाठीवर आले नाहीत.

"मशीनची?" त्या म्हणाल्या.

"त्यातला प्रोग्रॅम याने लिहिलाय. माझा दादा. तो माफी मागायला आलाय."

त्यांनी दादाकडे पाहिलं. राग नव्हता. काहीतरी मोजत असल्यासारखी नजर होती.

"कधीपासून असं करतंय हे?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "मशीन इथे आलं त्या दिवसापासून."

"दोन वायरी एकदम काढल्या की?"

"हो. आणि काढल्या त्याच क्रमाने परत लावल्या की."

"ज्याची आधी काढली त्याची आधी लावायची. आम्ही नवीन मुलींना तसंच शिकवतो," सिस्टर म्हणाल्या. "रोज सकाळी. सगळ्या वॉर्डांत."

रोज सकाळी. ऑफिसात, गाडीत, चौकशीच्या टेबलाशी, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आम्ही फक्त आजपासून पुढचा विचार केला होता.

सिस्टर परत बसल्या. "थंडीत एक बाई होत्या कोपऱ्यातल्या खोलीत," त्या म्हणाल्या. "साधंच ऑपरेशन. चौकोन हिरवा होता. मी समोर उभी राहून बघत होते हो, हिरवा होता. शेजारच्या खाटेचा लाल होऊन ओरडला होता, पण ती बाई तर उठून बसलेली, म्हणून मी आवाज बंद केला. चादर नीट करायला हात लावला तर गार. सगळे म्हणाले, माझं लक्ष नव्हतं. मीही म्हटलं, नसेल. त्यांच्या मुलाला मी स्वतः सांगितलं, बाबा रे, माझं लक्ष कमी पडलं, तुझी आई माझ्यामुळे गेली. पाया पडायला वाकले तर त्याने मला उचललं. म्हणाला, सिस्टर, तुम्ही पण माणूस आहात. अजून महिन्यातून एकदा फोन करतो, मी बरी आहे ना विचारायला. त्याला वाटतं मी खचून जाईन."

"तेव्हाही हेच झालं होतं असं आता नक्की सांगता येणार नाही," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. दादाला वाचवायला असेल. दादाने माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं.

"येईल सांगता," तो म्हणाला. "तुमच्या वॉर्डाचा नियमच तसा आहे. तसंच झालं असणार."

सिस्टरनी खिशातून मोबाइल काढला. नंबर त्यांना शोधावा लागला नाही. त्यांनी तो लावला आणि दादाकडे धरला.

"मी त्याला एकदा सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही सांगा."

दादाने तो मोबाइल दोन्ही हातांनी घेतला. घंटा वाजत होती. मला वाटलं, उचलू नये कुणी. देवा, आज नको. आणि तिकडून एक तरुण, मोकळा आवाज आला, इतका मोठ्याने की मलाही ऐकू आला.

"बोला सिस्टर! आज तुम्हीच केलात फोन? सगळं ठीक आहे ना?"

"मी सिस्टर नाही," दादा म्हणाला. "तुमच्या आईच्या खाटेवर जे मशीन होतं ना, त्याचा प्रोग्रॅम मी लिहिलाय."